आधी रिकामं बघावं

वसई गावातल्या बाजारात पाटीलबाईंबरोबर भाजी घ्यायला जाणं म्हणजे रस्त्यावरचं भांडण पिशवीत घालून घरी आणणं. नंदाखाल गावची रोझीमावशी तिथे कोपऱ्यावर बसते. वांगी, पडवळ, अळूची पानं, कधी केळफूल, सगळं स्वतःच्या वाडीतलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी विजेवरचे काटे घेतले, हिने मात्र सासूची तागडी सोडली नाही. बाई तिच्यापुढे उकिडव्या बसायच्या, वांग्यांना हातही लावायच्या नाहीत, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"आधी रिकामी दाखव."

"अगं बाय, दर वेळी तेच! मी काय चोर हाय?"

"चोर कोण म्हणतंय? पण तू प्रामाणिक आहेस हे तागडीला कुठे माहीत असतं? उचल."

रोझीमावशी दोन्ही पारडी मोकळी करून दांडी वर धरायची. एखाद्या पारड्याच्या बुडाला वाळलेला चिखल असायचा, एखाद्याला अळूचं पान चिकटलेलं. बाई ते नखाने खरवडून काढायच्या, दांडी सरळ झालेली पाहायच्या आणि मगच वांग्यांकडे वळायच्या. भाव मात्र मावशी सांगेल तो. एक रुपया कमी कर म्हणून त्यांनी कधी म्हटलं नाही. "भाव ही तिची बाजू, वजन ही माझी," असं त्यांचं म्हणणं.

"देवळात गेल्यावर पन देवाला सांगते का गो, आदी रिकामा हात दाखव म्हनून?" मावशी एकदा वैतागून म्हणाली.

"देव वजनावर काही विकत नाही," बाई म्हणाल्या आणि पिशवी पुढे केली.

डॉ. कुमुद पाटील आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला बिस्किटांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पत्र्याचे डबे बनवणारा, आणि मधे आमची दुमजली इमारत. सकाळी बिस्किटांचा वास, दुपारी डब्यांचा आवाज. मी तिथलं ऑफिस सांभाळत होतो. मी कणकवलीचा, कॉमर्सचा माणूस. शास्त्राचा आणि माझा संबंध शाळेतच संपला, आणि त्याचं दोघांनाही दुःख नव्हतं. त्यामुळे बाईंनी समजावलं तेवढंच मला कळतं.

त्यांना कुणी मॅडम म्हटलेलं चालत नसे. "मॅडम म्हटलं की माझ्या पाठीमागे दुसरीच कुणीतरी उभी आहे असं वाटतं. बाई म्हणा." म्हणून आम्ही सगळे बाई म्हणायचो. सुती साडी, पायात पुरुषी सँडल, आणि केसांत रोज घरच्या वाडीतलं एक फूल. फूल कुठलंही असो, प्रयोगशाळेच्या दारात ते काढून माझ्या टेबलावरच्या पेल्यात ठेवायच्या. आत वासाचं काही न्यायचं नाही, हा नियम त्यांनीच केला होता. संध्याकाळी जाताना ते कोमेजलेलं फूल पुन्हा केसांत. ताजं असताना माझं आणि मेल्यावर तुमचं, असं मी त्यांना चिडवायचो.

आधी रिकामं बघावं, हे त्यांचं एकच सूत्र, आणि ते त्या सगळीकडे लावायच्या. कुठलंही मोजमाप करायच्या आधी भांडं रिकामं असताना काय दाखवतं ते पाहायचं, आणि मग त्यात वस्तू घालायची. नाहीतर वस्तूचं किती आणि भांड्याचं किती हे कसं कळणार? चहावाल्याने कप पुढे केला की आधी त्यात नुसतं गरम पाणी ओतून पिऊन बघायच्या. चहावाला मागून डोक्याशी बोट फिरवायचा. मी वसई रोडला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीचं आमंत्रण करायला गेलो, तर म्हणाल्या, "मी आदल्या दिवशी येते." आल्या, आणि सामान लागायच्या आधीच्या मोकळ्या खोल्यांतून एकट्याच फिरल्या. "भरलेलं घर सगळ्यांचं सारखंच असतं," म्हणाल्या. जाताना आतल्या खोलीच्या एका भिंतीवर हात ठेवून सांगितलं, "इथे कपाट लावू नका, ओल येईल." बायकोला ते शुभ दिवशी अशुभ बोलल्यासारखं वाटलं. कपाट आम्ही तिथेच लावलं, आणि ओल आली.

आता त्यांचं काम. ते सांगितल्याशिवाय बाई सांगता येणार नाहीत.

"तळेकर," त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच समोर बसवलं होतं, "तुमच्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन नावाचा वायू असतो. त्याच्या अंगावरचा थोडा हायड्रोजन काढून घेतला की त्याचा प्रोपिलीन होतो. तुम्ही बसला आहात ती खुर्ची त्या प्रोपिलीनची आहे."

मी खुर्चीकडे पाहिलं. प्लास्टिकची, एक पाय जरा वाकडा.

"मग काढून घ्यायचा."

"तो देत नाही. नुसतं तापवलं तर जळून कोळसा होतो, पण देत नाही. कुणीतरी मधे पडावं लागतं. तो मधला म्हणजे कॅटॅलिस्ट, आपल्या भाषेत उत्प्रेरक."

जगभर हे काम प्लॅटिनम करतं, नाहीतर क्रोमियम. पहिलं सोन्याच्या तोडीचं महाग आणि दुसऱ्यातलं विष निस्तरताना कारखाने मेटाकुटीला येतात. बाईंचं म्हणणं, हे काम आपल्याकडचा दगड करील. वसईच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला काळ्या दगडाच्या खाणी आहेत. तो दगड फुटला की कधीकधी पोटात पोकळी निघते आणि तिच्यात पांढरे, गुलाबीसर स्फटिक. खाणीवरचे लोक त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात आणि खडीत दळून टाकतात. बाई म्हणायच्या, ही गारगोटी नाही, ही चाळ आहे. आत डोळ्यांना न दिसणाऱ्या खोल्याच खोल्या, सगळ्यांची दारं एका मापाची. दारात मावेल तोच वायू आत जाणार. त्या खोल्यांत किंचितसं जस्त बसवायचं, वरून गरम वायू सोडायचा, आणि खोलीत शिरलेला प्रोपेन बाहेर पडताना प्रोपिलीन होऊन आला पाहिजे. स्वस्त, बिनविषारी, आणि आपल्या मातीतला.

खाणीवर त्या स्वतः जायच्या. एकदा मलाही नेलं. बाई डोक्यावर पदर घेऊन दगडांच्या ढिगावर चढल्या आणि एकेक स्फटिक सूर्याकडे धरून बघू लागल्या. मुकादम बराच वेळ पाहत होता. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, बाईंचं दुकान कुठंय? माझ्या मेव्हणीला पण वास्तूचा खडा पाहिजेल."

हे त्यांनी घरी सांगितलं असावं. कारण पुढे उमेळ्याला त्यांच्या घरी गेलो तेव्हा ओटीवर बसलेल्या त्यांच्या आईने मला पहिला प्रश्न तोच केला. "तुमीच नं ते दगड आनायला गेलेले? आमची कुमुद दगड शिजवते. शिजल्यावर खानार कोन, ते तिलाच म्हाईत." नव्वदीला टेकलेली म्हातारी, दात नाहीत, पण जीभ शाबूत. घराच्या मागे केळी, जास्वंद, विहीर, आणि कुंपणापलीकडे तिन्ही बाजूंनी उभ्या राहिलेल्या इमारती. लेक रोज संध्याकाळी दारात आली की म्हातारी विचारायची, "शिजला का दगड?" आणि बाई चपला काढता काढता म्हणायच्या, "अजून टणक आहे, आई." लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. आईचा तो प्रश्न आणि दिवसभराची प्रयोगशाळेतली भट्टी, एवढ्यात त्यांचं आयुष्य बसत होतं, आणि मी पाहिलं तोवर तरी ते सुखाने बसत होतं.

एकदा एका कॉलेजची मुलं प्रयोगशाळा बघायला आली. बाईंनी विचारलं, उत्प्रेरक म्हणजे काय? एका चुणचुणीत मुलीने पुस्तकातली व्याख्या धाडधाड म्हटली, की जो रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः बदलत नाही तो.

"तुमच्यात लग्नं कोण जमवतं?" बाईंनी विचारलं.

"आमची आत्या," मुलगी लाजली.

"मग आत्याला विचार, लग्न जमवून ती आहे तशीच राहते का म्हणून. चपला झिजतात, दोन्हीकडचे बोल तीच खाते, आणि पुढे भांडण झालं की नाव तिचंच. बदलत नाही म्हणे! मधे पडणारा प्रत्येक जण बदलतो. पुस्तक लिहिणाऱ्याने त्याला एकदाच वापरलं असणार."

मुलं हसली. पण ते खरंच होतं. भट्टीतल्या स्टीलच्या नळीत दगडाची भुकटी भरायची, वायू सोडायचा, आणि काही तासांत भुकटी कोळशाने काळी पडायची. मग नुसती गरम हवा सोडून तो कोळसा जाळून काढायचा. आमचा घरत, म्हणजे भट्टी चालवणारा, ह्याला दगडाची आंघोळ म्हणायचा. आंघोळीनंतर दगड पुन्हा कामाला लागतो, पण दर आंघोळीला त्याची ताकद थोडी कमी होते. सगळ्यांच्या उत्प्रेरकांचं हेच होतं. शेवटी तो मरतो आणि नवा भरावा लागतो.

अशातच मुंबईच्या हेड ऑफिसने प्रयोगशाळा बंद करायची भाषा सुरू केली. वर्षानुवर्षं खर्च, आणि विकायला काही नाही. तिथले कारखानीस साहेब खास गाडीने आले, बिस्किटांचा वास नाकावर रुमाल धरून टाळला आणि सांगून गेले, की एक तरी उत्प्रेरक असा दाखवा, जो मोठ्या भट्टीत घालून बघायला कुणी तयार होईल. नाहीतर इमारत रिकामी करा. घरतचा मुलगा दहावीला होता. माझी मुलगी कॉलेजात जायची होती. बाकी सगळे असेच, आसपास घर करून राहिलेले. आणि बाईंचं तर दुसरं काहीच नव्हतं. सगळं त्या दगडावर आलं.

आणि दगड पावला. आधी जेमतेम काम करत होता, मग हळूहळू जास्त करू लागला. एका आंघोळीनंतर बरा, दुसरीनंतर आणखी बरा. जगातले सगळे उत्प्रेरक थकत जातात आणि आमचा तरणा होत चालला होता. घरतने भट्टीला हार घातला. कारखानीस साहेबांचे फोन रोज यायला लागले, आणि त्यांच्या तोंडी "आपली वसईची टीम" असा शब्द आला. परदेशातल्या एका कंपनीची माणसं प्रत्यक्ष बघायला येणार असं ठरलं. त्यांना पटलं की मोठी भट्टी, आणि मोठी भट्टी म्हणजे आमची इमारत शाबूत. मी पेढे आणले. बाईंनी अर्धा घेतला.

"बाई, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला तर. पण तळेकर, आंघोळ करून कुणी तरुण झालेलं तुम्ही पाहिलं आहे का?"

मी ते हसण्यावारी नेलं. त्यांनी बहुतेक नेलं नाही, पण अविश्वासही दाखवला नाही. इतक्या वर्षांनी दारात आलेल्या लक्ष्मीला नाव-गाव कोण विचारतं?

पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात दाखवण्यासाठी ताजी भुकटी भरायची म्हणून घरतने जुनी काढून नळी स्वच्छ केली. नवी भुकटी वाटीत तोलून तयार होती. बाई म्हणाल्या, "थांबा. आधी रिकामं बघू."

"बाई, ते आपण बघितलंय की! नळी नवी होती तेव्हा तुम्हीच बघितलं. काही आलं नव्हतं," घरत म्हणाला. "आख्खा दिवस जाईल फुकट."

"जाऊ दे. सवय आहे."

खरोखर सवयच होती. देवळावरून जाताना हात आपोआप छातीशी जातो, तसं. घरतने कुरकुरत रिकामी नळी भट्टीत बसवली, तापवली, वायू सोडला. दुपारी मी काही सह्यांसाठी आत गेलो तेव्हा बाई संगणकाच्या पडद्यासमोर उभ्या होत्या. बाहेर पडणाऱ्या वायूत काय काय आहे हे त्या पडद्यावर टेकड्यांसारख्या रेघांनी दिसायचं. प्रोपिलीनची टेकडी कुठली, हे एवढ्या दिवसांत मलासुद्धा ओळखता येत होतं. ती नेहमीच्या जागी, नेहमीच्या उंचीची होती.

"वा, छान आलंय की," मी म्हणालो.

घरतने भट्टीकडे बोट दाखवलं. डब्यांच्या कारखान्यातला आवाज तेवढा येत होता. मग मला नळीत काहीच भरलेलं नाही हे आठवलं, आणि माझ्या हातातले कागद जड झाले.

बाईंनी ते पुन्हा केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी भुकटी काचेसारख्या वेगळ्या नळीत भरून बघितली. ही क्वार्ट्झची नळी, तिच्यात धातूचा अंश नसतो. त्या नळीतून गेलेला प्रोपेन जसा गेला तसाच बाहेर आला. आपला दगड काहीच करत नव्हता. कधीच करत नव्हता. सुरुवातीचं जे जेमतेम होतं, तेही हळूहळू जुन्या होत जाणाऱ्या नळीचंच असणार, असं बाईंनी मला समजावून सांगितलं. असं शांत, जसं त्यांनी कधी प्रोपेन समजावला होता. स्टीलमध्ये क्रोमियम असतं. दर आंघोळीला गरम हवेने नळीच्या आतल्या भिंतीवर त्याचा पापुद्रा धरत गेला. क्रोमियम हे काम करतं हे तर सगळ्या जगाला माहीत आहे. आम्ही दगडाला आंघोळी घालत होतो आणि तरणी होत होती नळी.

"उत्प्रेरक बदलत नाही म्हणणाऱ्यांना मी हसले," त्या म्हणाल्या, "आणि भांडं बदलत नाही असं मीच धरून चालले. एकदा रिकामं बघितलं आणि वाटलं, झालं. रिकामंसुद्धा पुन्हा पुन्हा बघावं लागतं, तळेकर."

घरत दाराला टेकून उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, एक बोलू? पाहुणे येतील, ह्याच नळीत बघतील. टेकडी येणारच आहे. त्यांनी हो म्हटलं की मग आपण सांगू ना. तोवर काहीतरी दुसरं निघेल. तुम्ही काढाल."

"आणि मोठ्या भट्टीत दगड मेलेला निघाला की?"

"तोवर माझ्या पोराची दहावी होईल, बाई."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी तेवढं एकदाच पाहिलं. "घरत, मी नाही करू शकत. मला माफ कर," म्हणाल्या. अरेतुरे त्यांनी त्याला त्याआधी कधी केलं नव्हतं.

फोन त्यांनी माझ्या टेबलावरून केला, स्पीकर लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. कारखानीस साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. प्रामाणिकपणाचं कौतुक वगैरे होईल असं कुठेतरी मला वाटत होतं. एवढी वर्षं नोकरी करून मी तितकाच खुळा राहिलो होतो.

"हे तुम्ही आधी का नाही पाहिलंत?" साहेब म्हणाले.

"चूक झाली."

"चूक झाली. आणि आता सांगताय? पाहुण्यांची तिकिटं निघाल्यावर?"

"सर, नळीच्या आतला तो पापुद्रा स्टीलवर इतका पक्का कसा बसला, त्याच्यावर काम करता आलं तर..."

"क्रोमियमवर? ते पाहुणे तेच दोन पिढ्या विकताहेत, डॉक्टर." फोन ठेवल्याचा आवाज स्पीकरवर फार मोठा येतो.

पुढचं सगळं कागदोपत्री आणि सभ्यपणे झालं. त्या पावसाळ्याच्या आत इमारत रिकामी करायची ठरली. घरतला भरूचच्या कारखान्यात जागा दिली, तो बायकामुलांना इथेच ठेवून गेला. जाताना बाईंना न भेटता गेला. मला ह्या सगळ्यात बाईंचा राग आला. अजूनही येतो. एक आठवडा गप्प बसल्या असत्या तर कुणाचं काय गेलं असतं, असं मी स्वतःशी किती वेळा भांडतो. आणि ज्या दिवशी राग येत नाही त्या दिवशी रडू येतं. कारण गप्प बसल्या असत्या तर त्या पाटीलबाई उरल्या नसत्या, आणि बोलल्या तरी उरल्या नाहीत.

सामान भंगारात चाललं तेव्हा बाईंनी भंगारवाल्याकडून ती नळी कापून घेतली, उभी, मधोमध. तो करवत चालवत होता आणि त्या ऊन डोक्यावर घेत उभ्या होत्या. दोन फाकी झाल्या. बाहेरून काळपट, जळकट स्टील, आणि आतून क्रोमियमच्या पापुद्र्याचा गर्द हिरवा रंग, विहिरीच्या भिंतीला शेवाळ धरावं तसा. इतक्या वर्षांत आम्ही कुणी ती नळी आतून पाहिली नव्हती. बाईंनी त्या हिरव्यावरून बोट फिरवलं.

"छान बसलंय," एवढंच म्हणाल्या. मग दोन्ही फाकी भंगारवाल्याच्या हातगाडीवर परत ठेवल्या.

शेवटच्या दिवशी मी त्यांना रिक्षाने उमेळ्याला सोडायला गेलो. पेल्यातलं फूल त्या टेबलावरच विसरल्या होत्या, ते मी खिशात घालून नेलं होतं. ओटीवर म्हातारी बसली होती, आणखी वाकलेली. लेकीची चाहूल लागताच विचारलं, "शिजला का गं दगड?"

बाई चपला काढायला वाकल्या होत्या. तशाच थांबल्या.

"नाही, आई. भांडंच शिजलं."

म्हातारीला काय कळलं कोण जाणे. तिने मान हलवली आणि म्हणाली, "मंग भांडां बदल." मी फूल बाईंच्या हातात दिलं आणि त्याच रिक्षाने परत आलो.

म्हातारी त्यानंतर वर्षभरात गेली. मी जाऊन आलो. मधल्या काळात बाईंनी आसपासच्या कॉलेजांत नोकरीचं विचारून पाहिलं होतं. वय झालं म्हणून, किंवा नुसतंच नाही म्हणून, नाहीच झालं. मी अधूनमधून फोन करायचो. त्या माझ्या मुलीचं, बायकोचं, घरातल्या ओलीचं सुद्धा विचारायच्या, स्वतःचं विचारलं की म्हणायच्या, "ठीक." विहिरीचं पाणी मचूळ झालंय आणि जास्वंद मेली, हे त्यांनी मला एकदा सांगितलं, तेही मी दोनदा विचारल्यावर. दगडांविषयी मात्र पुन्हा एक शब्द नाही. एकदा मीच म्हटलं, बाई, दुसऱ्या कुठल्या दगडाने जमेल. त्या म्हणाल्या, "तळेकर, मला आता बघायचीच भीती वाटते."

गेल्या नाताळच्या आधीची गोष्ट. मी वसई कोर्टात एका कामासाठी गेलो होतो. काम झालं नाही म्हणून वैतागून बाजारातून स्टँडकडे निघालो, तर रोझीमावशीच्या पुढे ओळखीची सुती साडी दिसली. बाई उभ्याच होत्या, उकिडव्या बसल्या नव्हत्या. केसांत काही नव्हतं. मी हाक मारणार, एवढ्यात मावशीने त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मी थांबलो. तिला भांडायचं होतं. कितीतरी दिवसांचं साचलेलं असणार.

"या बाय, या! कुठं होतीस गो?" म्हणून तिने आपणहूनच तागडी उचलली. आधीच्या गिऱ्हाइकाची चिकटलेली पानं लुगड्याच्या टोकाने पुसली, दोन्ही पारडी उलटी करून झटकली आणि दांडी बाईंच्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघ, रिकामी! आज नाव ठेवून दाखव."

बाई वांग्यांकडे बघत होत्या.

"असू दे. अर्धा किलो घाल."

"अगं, बघ तरी."

"घाल गं. जे येईल ते येईल."

मावशीने वजन टाकलं, वांगी भरली, आणि वर आणखी दोन घातली. दांडी उघड उघड वांग्यांकडे झुकली होती. बाईंनी न बघता पिशवी पुढे केली, सांगितले तेवढे पैसे दिले आणि कोर्टाच्या बाजूने वळल्या. मला त्यांनी पाहिलं नाही, आणि माझ्याने हाक मारवली नाही.

समोर दुसरं गिऱ्हाईक येऊन मेथीचा भाव विचारत होतं. मावशीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. रिकामी तागडी तशीच वर धरून ती, बाई गेल्या त्या बाजूला, बघत बसली होती.